टाकीतले क्यूब

नीतिमूल्यांच्या बासष्ट उत्तरपत्रिकांपैकी एकतीस उत्तरपत्रिकांत ‘खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असे वाक्य होते, आणि त्यांतल्या एकाही उत्तराखाली आकृती नव्हती.

मॅडमनी हे वाक्य आधी रागाने मोजायला घेतले होते. पुढे पुढे, दुखरा दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपावा तशा त्या मोजत राहिल्या. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात या विषयाचे एक पातळ गाईड मिळे. त्यात प्रामाणिकपणा, जबाबदारी आणि निष्ठा यांचा एक त्रिकोण होता. मुलांनी मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि त्रिकोण काढायचा कंटाळा केला. एकाने तर ‘आकृती पान चौदावर’ असेही उतरवले होते. त्याची उत्तरपत्रिका आठ पानांची होती.

प्रश्न होता, ‘प्रामाणिकपणा म्हणजे काय ते स्पष्ट करा.’ प्रत्येक मुद्द्याला अर्धा गुण, असा विभागाचा नियम होता. आणि मुद्दे तर सगळ्यांचेच आले होते. मॅडमनी गुण दिले. लाल पेनाने खुणा करताना आपण एखाद्या घाण फडक्याने स्वच्छ ताटे पुसत आहोत की स्वच्छ फडक्याने घाण ताटे, हे त्यांना ठरवता येईना.

विषय त्यांनी मागून घेतलेला नव्हता. त्या स्थापत्य विभागात बांधकाम साहित्य शिकवत. ‘व्यावसायिक नीतिमूल्ये’ हा आठवड्याला दोन तासांचा विषय दरवर्षी ज्याच्या वेळापत्रकात भोक असेल त्याच्या गळ्यात पडे, आणि त्याच्यासोबत बेचाळीस स्लाइडचा वारसाही येई. त्या कुणी तयार केल्या होत्या हे आता कुणालाच ठाऊक नव्हते. सतराव्या स्लाइडवर कोसळलेल्या एका पुलाचे धूसर छायाचित्र होते आणि खाली विचारले होते, ‘याला जबाबदार कोण?’ शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ही स्लाइड आली की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास ओरडे, “मी नाही मॅडम, मी घरी झोपलो होतो!” वर्ग हसे. मॅडमही हसत, कारण न हसले तर उरलेल्या पंचवीस स्लाइड संपल्या नसत्या.

सत्तेचाळिसावी उत्तरपत्रिका त्यांनी अक्षरावरून ओळखली. ती शंकाची होती. तिसऱ्या वर्षाच्या या मुलीला सगळे शंकाच म्हणत, कारण प्रत्येक तासाला तिचा हात वर जाई आणि “मॅडम, एक शंका,” अशी सुरुवात होई. “लघु की दीर्घ?” असे मुले मागून विचारत. “तू आधी जाऊन ये, मग सांगते,” असे ती मागे न बघता म्हणे.

चौथा प्रश्न सात गुणांचा होता: अभियंत्याच्या व्यावसायिक जीवनातील एखाद्या नैतिक पेचप्रसंगाचे उदाहरण द्या. बाकी सगळ्यांनी स्लाइडवरचा पूल लिहिला होता. शंकाने लिहिले होते:

‘आमच्या प्रयोगशाळेतले क्यूब फोडायचे यंत्र गेल्या महिन्यात तीन तारखेपासून तेरा तारखेपर्यंत बंद होते. हे मला माहीत आहे, कारण त्या आठवड्यात आमचे प्रॅक्टिकल झाले नाही आणि मॅडमनी आम्हाला गेल्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग घेऊन ती थोडी इकडेतिकडे करायला सांगितली. मुलींच्या नव्या वसतिगृहाच्या गच्चीच्या स्लॅबचे सहा क्यूब सात तारखेला फोडले, असा रिपोर्ट व्हरांड्यातल्या फलकावर लावला आहे. ते क्यूब अजून टाकीत आहेत. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या बसणार आहेत. हा पेचप्रसंग आहे की नाही हे मला कळत नाही, कारण कोणीच पेचात पडलेले दिसत नाही. सात गुणांसाठी इतके पुरे आहे का?’

मॅडमनी पेनाला टोपण लावले.

बाहेरच्या माणसाला क्यूब म्हणजे काय हे सांगावे लागेल, पण त्या इमारतीत ते झाडूवाल्यालाही ठाऊक होते. स्लॅब ओतताना त्यातलेच थोडे काँक्रीट लोखंडी साच्यांत भरून वीतभर लांबीरुंदीचे ठोकळे करतात, ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि मग यंत्रात दाबून फोडतात. ठोकळा किती दाबाला फुटला यावरून डोक्यावरचे छप्पर किती भार पेलेल हे कळते. त्या आकड्यांचा रिपोर्ट होतो. रिपोर्टवर दोन सह्या असतात: पहिली, चाचणी करणाऱ्याची, दुसरी, ‘तपासले’ या शब्दाखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम शंकाची उत्तरपत्रिका घेऊन विभागप्रमुखांकडे गेल्या. पुढच्या सोमवारी मान्यता समिती येणार होती. विभागप्रमुखांच्या खोलीत टेबल दिसत नव्हते, इतक्या फायली होत्या. प्रत्येक विषयाच्या तीन उत्तम, तीन मध्यम आणि तीन कच्च्या उत्तरपत्रिका वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत लागत होत्या. विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर सरकवून शंकाचे उत्तर वाचले, आणि वाचता वाचता मान डोलावली.

“हुशार आहे पोरगी. अक्षर बघा कसं आहे. मोत्याचे दाणे.”

“सर, मी अक्षराचं नाही म्हणत.”

“बसा हो, मॅडम. चहा सांगू? यंत्र बंद होतं, हे खरं. पण समितीची तारीख काय यंत्रासाठी थांबणार होती? वसतिगृह पूर्ण दाखवायचं होतं. आणि ठेकेदार आपला नेहमीचाच. आठ वर्षांत त्याचा क्यूब कधी कमी आलेला नाही. प्रयोगशाळेतल्या भाऊनं अनुभवानं आकडे घातले. शितावरून भाताची परीक्षा करतात की नाही आपण?”

“इथे शितही काढलेलं नाही, सर. झाकण बघून भात शिजला म्हणून सांगितलंय.”

विभागप्रमुख मनापासून हसले. त्यांना विनोद आवडत. त्यांच्या चांगुलपणाची ख्याती त्यावरच उभी होती. मग ते पुढे झुकून, वडीलधाऱ्या माणसाने लेकीला समजवावे तशा आवाजात म्हणाले, “हे बघा, नीतिमत्ता हा थिअरीचा विषय आहे. त्याला प्रॅक्टिकल नाही. अभ्यासक्रमातच नाही. तुम्ही उगाच स्वतःला त्रास करून घेताय.”

त्यांनी एका निळ्या पाकिटातून रिपोर्टची प्रत काढली आणि टेबलावर फिरवून मॅडमच्या समोर केली.

“आणि दुसरी सही कुणाची आहे, तेवढं एकदा बघून घ्या.”

सही मॅडमची होती. शेवटची वेलांटी अर्धवट सुटलेली. तो शनिवार त्यांना आठवला. शनिवारी दुपारी भाऊ आठवड्याच्या रिपोर्टांचा गठ्ठा आणून ठेवी आणि कोपरे दुमडून सह्यांच्या जागाच तेवढ्या उघड्या ठेवी. त्या दिवशी त्या फोनवर सासूबाईंशी गॅसच्या टाकीबद्दल बोलत होत्या. तीस-चाळीस सह्या झाल्या होत्या. गठ्ठ्यातला एकही आकडा त्यांनी पाहिला नव्हता. त्या दिवशीच काय, त्या वर्षात पाहिला नव्हता. यंत्र बंद आहे हे मात्र त्यांना त्या क्षणीही ठाऊक होते, कारण त्याच सकाळी त्यांनी वर्गाला मागच्या वर्षीची रीडिंग घ्यायला सांगितले होते.

विभागप्रमुखांनी खणातून एक कोरी उत्तरपत्रिका काढली.

“चौथा प्रश्न तेवढा पुन्हा लिहून घ्या तिच्याकडून. पुलाचं लिहू दे. सातपैकी सात द्या. उत्तमच्या पाकिटात घालू. तिचंही भलं, तुमचंही.”

मॅडमनी ती कोरी उत्तरपत्रिका घेतली. पुढे अनेक महिने त्यांना सर्वांत जास्त शिसारी येत राहिली ती या गोष्टीची: हात पुढे झाला तो त्यांचाच, आणि तोंडातून शब्द निघाला तो “बरं, सर.”

शंका त्यांना रेखांकनाच्या रिकाम्या वर्गात भेटली. काय करायचे आहे हे मॅडमनी तिच्या डोळ्यांकडे न पाहता सांगितले. मुलगी भडकेल, रडेल, निदान विचारेल तरी, अशी त्यांची अपेक्षा होती. खरे तर त्यांना तशी आशाच होती. तिने आरडाओरडा केला असता, तर मॅडमना तिची समजूत घालण्याचे एक सभ्य काम मिळाले असते.

“लिहिते की,” शंका म्हणाली. “पूलच ना?”

तिने दप्तर बाजूला सारले आणि लिहायला बसली. दहा मिनिटे पेन थांबले नाही. सात मुद्दे, प्रत्येकाखाली रेघ. मॅडम उभ्या राहून पाहत होत्या. चौथ्या मुद्द्याशी मुलीने सहज लिहिले, ‘खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’, आणि पुढे गेली.

“आकृती?” मॅडमच्या तोंडून निघून गेले.

“कुणीच काढत नाही, मॅडम. माझी एकटीची दिसली तर संशय येईल.” तिने पाने नीट जुळवून पुढे केली. “घ्या. आता ठीक आहे ना?”

“तुला याचं काहीच वाटत नाही?”

शंकाने थोडा विचार केला. उद्धटपणा तिच्या चेहऱ्यावर नव्हता. असता तर ऐकणे सोपे गेले असते.

“पहिल्या वर्षी तुम्ही सांगितलं होतं, की रीडिंग चुकलं तर रबरानं पुसायचं नाही. एका रेघेत खोडायचं, खालचं दिसलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. माझ्या पाच जर्नलांत एकही खोडलेलं नाही, मॅडम. चुकायला आधी मोजावं लागतं. भाऊ आधी उत्तर सांगतात, मग आम्ही उलटं जाऊन रीडिंग बसवतो. तीन वर्षं हेच केलंय. आज काय वाटणार?” ती दप्तर खांद्याला लावत उठली, आणि दाराशी थांबली. “एकच शंका. आम्हाला तिथे राहायला कधी जायचंय? माझी खोली वरच्याच मजल्यावर आली आहे. टाक्यांच्या बरोबर खाली.”

मॅडमना तारीख ठाऊक होती. समिती गेल्यानंतरचा सोमवार. त्यांनी ती सांगितली.

“बरं,” शंका म्हणाली आणि गेली.

घरी संध्याकाळी सासूबाई खिडकीशी बसून चष्म्याच्या काचा पदराने पुसत होत्या. त्या चौतीस वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या, आणि निवृत्त झाल्यावरही घरातल्या माणसांना रुग्णांसारखेच पाहत: चेहरा, जीभ, नखे, मग प्रश्न.

“काय गं, तोंड असं का झालंय? काही सडकं खाल्लंस का?”

“खाल्लं नाही, आई. खायला घातलं,” मॅडम म्हणाल्या, आणि दप्तरही खाली न ठेवता त्यांनी सगळे सांगून टाकले: उत्तरपत्रिका, शनिवारचा गठ्ठा, स्वतःची सही, कोरी पाने.

सासूबाई चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाल्या, “आमच्या वॉर्डात रुग्णाचा ताप न बघता तक्ता भरणाऱ्या पोरी असायच्या. सकाळी अठ्ठ्याण्णव, दुपारी नव्याण्णव, रेघ कशी छान डोंगरासारखी. आम्ही त्यांना काय म्हणायचो, माहीत आहे?”

“काय?”

“चित्रकार.”

मॅडमना हसू आले नाही.

“एकीनं असंच चित्र काढलं आणि पेशंट पहाटे गेला,” सासूबाई पुढे म्हणाल्या. “तिच्यावर काही आलं नाही, कारण तक्ता चोख होता. डॉक्टरनं तक्ता बघून म्हटलं, नशीब. मी शेजारी उभी होते. मला ठाऊक होतं. मी पण म्हटलं, हो डॉक्टर, नशीब.” त्यांनी खिडकीकडे तोंड वळवले. “तो माणूस दाढी करून दे म्हणून माझ्या मागे लागला होता आदल्या दिवशी. जा, हातपाय धू. आणि ती टाकी उद्या उघडून बघ. बघितल्याशिवाय रडू नकोस.”

टाकी प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला होती. छातीइतकी उंच, सिमेंटची, वरून पत्र्याचे झाकण. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी झाकण सरकवले. हिरव्या सायीखाली काहीच दिसत नव्हते. डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि पाण्याला उकिरड्याचा वास येत होता. या टाकीवर त्या दरवर्षी एक तास घेत: पाणी स्वच्छ हवे, दर आठवड्याला बदलायला हवे, तापमानाची नोंद हवी. नोंदवही भिंतीला टांगलेली होती, आणि तिच्यात पुढच्या आठवड्यापर्यंतची तापमाने भरलेली होती.

त्यांनी बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात आत घातला. बुळबुळीत काहीतरी बोटांना लागले. तो एका ठोकळ्याचा कोपरा होता. त्यांनी तो कोपरा घट्ट धरला, दुसराही हात घातला आणि ठोकळा वर ओढून काठावर ठेवला. शेवाळ पुसल्यावर लाल रंगाने लिहिलेली खूण दिसली: व-ग-१. वसतिगृह, गच्ची, पहिला.

“पाच अजून आहेत,” मागून भाऊ म्हणाला.

भाऊ प्रयोगशाळेचा सहायक. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला भाऊच म्हणत. कुठल्या यंत्राची कुठली कळ अडते हे त्याला स्वतःच्या गुडघ्यांसारखे माहीत होते. तो डबा खाऊन हात पुसत उभा होता, आणि पकडले गेल्याची लाज त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हती. मॅडमची बाही भिजली याचेच त्याला वाईट वाटत होते.

“भाऊ, आकडे तू घातलेस?”

“मग कोण? एकतीस दशांश एक, तीस दशांश नऊ, एकतीस दशांश सहा. एक थोडा कमी, एक थोडा जास्त. सगळे सारखे घातले तर वरच्यांना शंका येते. वीस वर्षांत माझा एक आकडा परत आलेला नाही, मॅडम.” त्याच्या आवाजात कसबी माणसाचा अभिमान होता, आणि तो अभिमान खराच होता; हेच ऐकवत नव्हते.

“मग हे क्यूब फेकून का नाही दिलेस?”

“आठ किलोचा एक. सहा उचलायचे, पायऱ्या उतरायच्या, मागे खड्ड्यापर्यंत न्यायचे. कंबर माझी आहे, विभागप्रमुखांची नाही. म्हटलं, पाण्यात आहेत, राहू देत. कोण हात घालतंय तिथे?”

मॅडमनी ठोकळा पोटाशी धरून यंत्रापर्यंत नेला. साडीवर हिरवा डाग उमटला. “हा फोड.”

“आत्ता? त्याचे अठ्ठावीस दिवस कधीच—”

“सत्तर झालेत. सत्तर दिवसांचा क्यूब आणखी पक्का हवा. फोड.”

भाऊने ठोकळा पुसून यंत्राच्या दोन जाड पोलादी पाट्यांमध्ये बसवला आणि पंप चालू केला. तबकडीवरचा काटा सरकू लागला. दोनशे. तीनशे. चांगला क्यूब पाचशे साठच्या पुढे टिकतो, आणि फुटताना असा आवाज करतो की नवी मुले दचकून एकमेकांना धरतात. हा फुटला तेव्हा आवाजच आला नाही. कडेने एक भेग गेली, पापुद्रा सुटावा तसा एक तुकडा गळून खाली पडला आणि काटा मागे आला. दुसरा काटा, जो सर्वांत मोठ्या आकड्याशी थांबून राहतो, तीनशे पंच्याऐंशीवर उभा होता.

तबकडीवरचा भार ठोकळ्याच्या क्षेत्रफळाने भागला की काँक्रीटची ताकद निघते. पंचवीसचे काँक्रीट हवे होते. हे सतराचे होते. रिपोर्टात ते एकतीसचे होते.

मॅडमनी पडलेला तुकडा बोटांत धरून दाबला. त्याची वाळू झाली.

भाऊने तबकडीवरचा आकडा पुन्हा वाचला. “त्याचा क्यूब कधी कमी येत नाही म्हणतात,” तो हळूच म्हणाला, “पण मॅडम, गेल्या आठ वर्षांत आपण त्याचे किती फोडलेत?”

मग भाऊने खिशातून पेन काढले. “कुठे लिहू? कच्च्या वहीत?”

“रिपोर्टांची वही आण.”

जाड बांधणीच्या त्या वहीत सात तारखेचे पान त्यांनी काढले. सहा आकड्यांवरून त्यांनी एकच रेघ ओढली, खालचे सगळे वाचता येईल अशी. मग स्वतःच्या सहीवरूनही तशीच रेघ ओढली. बाजूला लिहिले: ‘या तारखेला चाचणी झाली नाही. मी न पाहता सही केली. आज एक क्यूब फोडला, ३८५.’ खाली सही केली आणि तारीख घातली. भाऊ वाकून वाचत होता.

“माझंही नाव घाला,” तो म्हणाला. “फोडला मी आहे.” आणि थोडे थांबून, “खोडलेले आकडेही माझेच होते. पण तेवढं मी माझ्या हातानं लिहितो.”

त्या पानाची प्रत आणि आपली सही मागे घेत असल्याचे पत्र मॅडमनी त्याच दुपारी बांधकाम परवाना कार्यालयाला पाठवले. दुसऱ्या सहीशिवाय नव्या इमारतीला वापराचा दाखला मिळत नाही, हे त्या दरवर्षी तिसाव्या स्लाइडवर शिकवत आल्या होत्या. विभागप्रमुखांना त्यांनी जाऊन सांगितले. ते या वेळी हसले नाहीत. “समिती जाईपर्यंत तरी थांबायचं होतंत,” एवढेच म्हणाले, आणि फायलींमध्ये डोके घातले.

सोमवारी समिती आली. अध्यक्ष सत्तरीच्या आसपासचे, बारीक आवाजाचे, अत्यंत सभ्य गृहस्थ होते. नीतिमूल्यांचे पाकीट उघडल्यावर सर्वांत वर शंकाने पुन्हा लिहिलेले उत्तर निघाले. ती पाने परत घेण्याचे मॅडमनी ठरवले होते, पण पाकिटे त्याआधीच भरली गेली होती.

“छान आहे,” अध्यक्ष म्हणाले. “‘खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे.’ आकृती दिसत नाही?”

“पुरवणीत असेल, सर,” विभागप्रमुख म्हणाले.

“असेल, असेल. मुद्दे मात्र सगळे आलेत.”

“सर, हे तिचं खरं उत्तर नाही,” मॅडम म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना फारच मोठा वाटला. त्यांनी मूळ उत्तरपत्रिका पुढे ठेवली, तिच्या बाजूला वहीचे पान, आणि त्यावर फुटलेल्या क्यूबचा मूठभर तुकडा. तुकड्यातून टेबलाच्या पांढऱ्या कापडावर वाळू सांडली. हे बदललेले उत्तर आपणच लिहून घेतले, हेही त्यांनी सांगितले.

अध्यक्षांनी उत्तर वाचले, पुन्हा वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काहीतरी हलले, आणि क्षणभर मॅडमना वाटले, आता हा माणूस उठेल.

“ही तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी?”

“हो.”

“विलक्षण!” ते शेजारच्या सदस्याकडे वळले. “बघा, याला म्हणतात जाणीव. आपण कागदावर विचारतो, विषयाचा परिणाम काय? हा परिणाम. हिच्यात नीतिमूल्यं रुजली आहेत.” त्यांनी तक्त्यात त्या विषयापुढे सर्वोच्च श्रेणी लिहिली. “उत्तमच्या पाकिटात हेच घाला.”

“आणि स्लॅब, सर?” मॅडमनी विचारले.

“ते गंभीर आहे. अतिशय गंभीर आहे.” त्यांनी रुमालाने टेबलावरची वाळू हळुवार गोळा करून बशीत ओतली. “पण आम्ही अभ्यासक्रम तपासायला आलो आहोत, मॅडम. इमारत आमच्या अखत्यारीत येत नाही.”

बशी शिपायाने नेली. त्यानंतर चहा आला.

परवाना कार्यालयाने मात्र दाखला रोखला, कारण सही कमी होती आणि कमी सहीचा कागद पुढे सरकवायची जबाबदारी तिथे कुणालाच नको होती. नव्या वसतिगृहाच्या दारावर ‘प्रवेश पुढील सूचनेपर्यंत स्थगित’ अशी पाटी लागली. जुन्या वसतिगृहात एका खोलीत सहा-सहा मुली होत्या. नव्या खोल्यांसाठी त्यांनी बादल्यासुद्धा विकत घेतल्या होत्या. नळावरच्या रांगेत त्या शंकाला पुढे जाऊ देत नसत. “थांब ना बाई, आमचं पाणी मोजून घे आधी,” एक म्हणे. मॅडम दिसल्या की त्यांचे बोलणे थांबे.

विभागप्रमुखांचे पत्र आले: न पाहता सही केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा द्यावा. मॅडमना ते पत्र वाचून हसू आले, कारण त्यातला शब्द न शब्द खरा होता. त्यांनी खुलाशात एकच ओळ लिहिली: ‘होय, केली.’ नीतिमूल्ये हा विषय पुढच्या सत्रापासून विभागप्रमुख स्वतः शिकवणार होते.

तीन आठवड्यांनी कार्यालयातून एक अधिकारी उरलेले पाच क्यूब समक्ष फोडून घ्यायला आला. टाकी आता धुतलेली होती. भाऊने क्यूब एकेक करून उचलून आणले, प्रत्येक खेपेनंतर कंबरेवर हात ठेवून “आई गं” म्हणत. रीडिंग लिहायला कुणी विद्यार्थी हवा होता. मॅडमनी शंकाला बोलावले. ती येईल याची त्यांना खात्री नव्हती. ती आली, पण नमस्कार न करता.

पहिले दोन चारशेच्या आतच गेले. तिसरा फुटताना शंकाने तबकडीकडे पाहून लिहिले, ‘३९५’. मग ती थांबली, काट्याच्या बरोबर समोर डोळा येईल इतकी वाकली आणि पुन्हा पाहिले. काटा तीनशे ऐंशीवर होता. ती आधी तिरपी उभी होती.

“भाऊ, किती यायला पाहिजे?” तिने विचारले.

“मला विचारू नकोस,” भाऊ म्हणाला. “तुझ्या डोळ्यांना काय झालंय?”

तिने ‘३९५’वर एक रेघ ओढली, शेजारी ‘३८०’ लिहिले आणि बाजूला बारीक सही केली. तिच्या आयुष्यातले ते पहिले खोडलेले रीडिंग होते. सही कुठे करायची हे शोधताना तिचे पेन क्षणभर कागदावर फिरत राहिले.

अधिकाऱ्याने मान पुढे काढून पाहिले आणि नाक मुरडले. “हे काय? साहेबांपुढे जायचाय हा कागद. दुसरा घे, स्वच्छ लिहून काढ. हवं तर मी सांगतो आकडे.”

शंकाने मॅडमकडे पाहिले. मॅडम चौथा क्यूब पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही,” शंका अधिकाऱ्याला म्हणाली. “हा असाच जाईल.” आणि भाऊकडे वळून, “पुढचा लावा.”